सूनबाईच्या गोळ्या

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी आजारी पडले. म्हणजे मला पाडलं. पाडणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी एकदा कुणाला आजारी ठरवलं की त्याला बरं म्हणायची ब्रह्मदेवाच्या बापाचीही टाप नव्हती.

खरे आजारी होते सासरे, आमचे मामाजी. ते वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, हळदीची हराशी म्हणजे लिलाव पुकारायचे. ढिगावर हात ठेवून 'एक बार, दोन बार' सुरू केलं की रस्त्यावरचे सायकलवाले मागं वळून बघायचे. नवी नवरी म्हणून घरात आले, तेव्हा मला वाटलं भांडण पेटलंय. ते चहा मागत होते. असा माणूस त्या दिवाळीनंतर गप झाला. आधी जेवण तुटलं, मग झोप गेली, मग मोंढा सुटला. भिंतीकडं तोंड करून खाटेवर बसायचे. काय होतंय विचारलं तर म्हणायचे, "काई न्हाई." ते ऐकायलासुद्धा आत्याबाईंना वाकावं लागायचं.

पुढं हळदीचा हंगाम येऊन राहिला होता. मोंढा कुणासाठी थांबत नाही, दुसरा कुणी ढिगावर उभा राहतो आणि लोक पहिल्याला विसरतात. पण आत्याबाईंची खरी भीती ती नव्हती. त्यांनी परसातल्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवून घेतली होती. मी विचारलं, "काहून?" म्हणाल्या, "मांजर पडतं." आमच्याकडं मांजर नव्हतं.

आमचा जिल्हा तेव्हा परभणीपासून नुकताच वेगळा झाला होता. कलेक्टर आले, एसपी आले, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. डोक्याचा डॉक्टर काही आला नाही. गल्लीतल्या डॉक्टरानं सलाईन लावलं, कारण आमच्याकडं सलाईन लावल्याशिवाय आजाराला आजार म्हणत नाहीत. मग दाराला लिंबू-मिरची आली, दंडाला ताईत आला, कुणी अंगारा आणून दिला. मामाजी सगळ्याला हो म्हणायचे, आणि त्यानंच आत्याबाई जास्त घाबरल्या. एरवी मामाजींनी ताईतवाल्याचीच हराशी केली असती.

शेवटी मेडिकलवाले चाचा काउंटरवरून पुढं वाकून म्हणाले, "भाभी, नांदेड में एक डॉक्टर है. दिमाग का."

"आमचा माणूस काय येडा हाय?" असं म्हणून आत्याबाई डोकेदुखीची गोळी घेऊन तरातरा घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पत्ता विचारायला परत गेल्या आणि लाजेनं परत डोकेदुखीची गोळी घेऊन आल्या. असं करता करता फडताळात गोळ्यांचा ढीग झाला, तेव्हा कुठं पत्ता मिळाला.

मामाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मी येणार न्हाई. मी येडा न्हाई." कित्येक दिवसांत त्यांनी ठासून सांगितलेली ती एवढीच गोष्ट. आत्याबाई स्वयंपाकघरात आल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी भाकरी थापत होते.

"सूनबाई, तू आजारी पड."

"मी? काहून?"

"तुला झोप येत न्हाई, जेवण जात न्हाई, रडू येतं. दुसऱ्याची लेक हाय म्हणल्यावर ते उठतील बराबर. तुझ्या नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी न्हाई, माझे गुडघे गेले. तेच नेतील तुला. तिथं गेल्यावर डॉक्टर बघून घेईल."

खरं सांगते, असा आजार देवानं सगळ्या सुनांना द्यावा. धुणं सुटलं, पाणी भरणं सुटलं, मोसंबी आली. एकच तकलीफ होती. मामाजींसमोर मला जेवायचं नव्हतं, आणि भूक तर अशी लागायची की विचारू नका. मग मी दाराआड बसून ठेच्याशी भाकरी हाणायची आणि पदरानं तोंड पुसून कण्हत बाहेर यायची. शेजारणी गालात हसून विचारायच्या, "काय, गोड बातमी का?" त्यांना काय सांगणार, कप्पाळ!

मामाजी मात्र उठले. "दुसऱ्याची लेक हाय," ते आत्याबाईंना म्हणाले, "तिच्या बापाला काय तोंड दाखवू?" त्यांनी दाढी केली, टोपी घातली आणि मला घेऊन नांदेडच्या एसटीत बसले. आम्ही तोवर एकमेकांशी थेट बोललेलो नव्हतो. सासऱ्यांना काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, अशी पद्धत. एसटीत आत्याबाई नव्हत्या, म्हणून मध्ये पिशवी ठेवून दोघंही गप बसलो.

दवाखान्यात बाकडं भरलेलं. वसमतचे एक कापडदुकानवाले बायकोसोबत तिथंच. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं, आणि कुणीच कुणाला बघितलं नाही असं ठरलं. बायको शेजारणीला सांगत होती, "मी यांच्यासोबत आले." नवरा दुसऱ्या बाजूला सांगत होता, "मी हिच्यासोबत आलो." त्या अख्ख्या बाकड्यावर पेशंट एकही नव्हता, सगळे सोबत आलेले.

डॉक्टर जाडजूड होते आणि त्यांना सर्दी झाली होती. मी आत्याबाईंनी पाठ करून घेतलेलं घडाघडा म्हणून टाकलं. "झोप येत न्हाई. जेवण जात न्हाई. रडू येतं. मोंढ्यात जाऊ वाटत न्हाई. हराशीला उभं राहिलं की गळ्यातून आवाजच निघत न्हाई."

डॉक्टरांनी नाक पुसायचं थांबवलं. "तुम्ही हराशी पुकारता?"

अगं बाई! मी जीभ चावली. आता मामाजी उठून चालायला लागतील, आणि घरी आत्याबाई माझं काय करतील, एवढंच डोक्यात आलं. मामाजींनी माझ्याकडं बघितलं. मग डॉक्टरांकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाले, "व्हय. पुकारते ती. लई मोठा आवाज होता तिचा."

"मग आता?"

"आता निघत न्हाई. पहाटे जाग येते तिला. मग वाटतं, आपण कुणाच्या कामाचे न्हाई राहिलो. मग विहीर आठवते."

"कधीपासून आठवते तिला?" डॉक्टरांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही.

"दिवाळीपासून."

मी तिथंच बसून माझ्या आजाराची हकीकत ऐकत होते. आधी हसू आवरत नव्हतं, आणि मग डोळ्यांतलं पाणी आवरेना. डॉक्टर म्हणाले, "रडू येतं हे तरी खरं दिसतंय." आणि मला बाहेर बसायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते मला कधीच कळलं नाही. मामाजी बाहेर आले तेव्हा गोळ्यांची पुडी त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली. स्टँडवर केळी घेतली आणि पहिल्यांदा माझ्याशी थेट बोलले, "खा पोरी. लई दिवसाची उपाशी हायेस."

घरी नवा रिवाज पडला. रोज जेवण झालं की आत्याबाई अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "सूनबाई, तुझ्या गोळ्या घेतल्या का गं?" आणि आतल्या खोलीतून मामाजी म्हणायचे, "घेतल्या."

डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत आणि भेटायला येत राहायचं. आम्ही जात राहिलो. आधी मामाजींना झोप आली, मग भूक आली. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "वरणात मीठ कमी हाय." आत्याबाई वरणाच्या पातेल्यावर वाकून ढसाढसा रडल्या. मग मिठाचा प्रश्न उरला नाही.

आणि आता सगळं सुरळीत होतंय म्हणावं, तर दारात जीप उभी राहिली. माझ्या माहेरचा, आखाडा बाळापूरचा एक माणूस त्या दवाखान्यात कुणाच्या तरी सोबत आलेला होता. त्यानं मला बघितलं होतं आणि गावभर केलं होतं. माझे वडील, म्हणजे आबा, आणि थोरला भाऊ मला न्यायला आले. भाऊ अंगणातूनच गरजला, "काय करून टाकलं तुमी आमच्या पोरीचं? चांगली धडधाकट दिली होती! चल गं, घे पिशवी!"

गल्ली गोळा झाली. आत्याबाई कात्रीत सापडल्या. खरं सांगावं तर नवऱ्याला गावभर येडा म्हणतील. न सांगावं तर सून जाईल. आणि मी गेले की मामाजी नांदेडला कुणाला घेऊन जाणार? पेशंटच नाही म्हटल्यावर दवाखाना कसला? म्हणजे परत ती खाट, परत ती भिंत. मला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. पण ते माझं सांगायचं नव्हतं. भावानं मनगट धरून ओढलं तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. "हात सोड! मी काय बाजारची शेळी हाय?"

तेवढ्यात आतून मामाजी आले. डोक्यावर टोपीही नव्हती. ओसरीच्या कडेला उभं राहून त्यांनी श्वास घेतला आणि ते पुकारले, पूर्वीसारखे.

"पेशंट मी हाय! पोरगी ठणठणीत हाय. गोळ्या माझ्या, मी खातो. झोप मला येत नव्हती, रडू मला येत होतं, विहिरीत उडी मला घ्यायची होती. ती नुसती सोबत येते. कुणाला काई विचारायचंय? एक बार!"

कुणी हललं नाही.

"दोन बार!"

भावानं माझं मनगट सोडलं.

"तीन बार!" आणि मग आत तोंड करून, "चहा टाका पाहुण्यायला."

हंगामात ते मोंढ्यात उभे राहिले, पाठीमागं हसणारे हसले, तेही झालं. पण ते पुढचं. त्या दिवशी चहा पिऊन निघताना आबांनी मला जीपच्या मागं बाजूला घेतलं.

"तो डॉक्टर कोणत्या वारी बसतो गं?"

"काहून, आबा?"

"तुझ्या आईला दाखवावं म्हणतो. झोप येत न्हाई तिला."

माझी आई पाठ टेकली की घोरायला लागायची. दाराशी बँड वाजत असताना झोपलेली बाई ती. मी आबांकडं नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं, शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्या होत्या. ते माझ्याकडं बघत नव्हते, जीपच्या टायरकडं बघत होते.

"आईला कशाला तकलीफ देता, आबा," मी म्हणाले. "मलाच न्या. मला सगळं पाठ हाय."