दोन कमी

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सदतीस वर्षं दुकानोदुकानी जाऊन वजनकाटे तपासले, म्हणून व्यापाऱ्यांनी मागून ठेवलेलं ते नाव. पुढे लोक तोंडावरही तेच म्हणू लागले, कारण साहेबांना त्यात अपमान दिसेना. समोरचा माणूस थोडं वाढवूनच सांगतो, हे त्यांचं ठाम मत. अर्थात, स्वतः सोडून.

आता पोटातल्या गाठीने त्यांना या शुश्रूषागृहात आणून टाकलं होतं. इथे कुणाला बरं करत नाहीत. जाईपर्यंत दुखू देत नाहीत, एवढंच. पहिल्याच सकाळी सिस्टर खुर्ची ओढून खाटेशी बसली आणि विचारलं, दहापैकी किती दुखतंय? साहेबांचा खाक्या जुना. त्यांनी तिचाच काटा तपासायचं ठरवलं. दुखत होतं चार, सांगितलं आठ. सिस्टरने मुकाट्याने आठ लिहिलं आणि डॉक्टरांना विचारायला उठली.

"तपासणार नाही?"

"कशानं तपासू, आजोबा? दुखणं तुमचं. तुम्ही सांगाल तेवढं."

साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि चारच आहे, असं पुटपुटले. तिने तेही लिहून घेतलं.

सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको घरात अशीच खाटेला खिळली होती. आकडा विचारा, पाचच्या वर असेल तर पूर्ण गोळी द्या, नाहीतर अर्धी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साहेब विचारायचे आणि मनातल्या मनात दोन वजा करायचे. ती सात म्हणाली की पाच. म्हणजे अर्धी गोळी. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती नऊ म्हणू लागली. चोरी पकडल्याच्या तोऱ्यात साहेबांनी चार वजा केले. शेवटच्या महिन्यात काहीही विचारलं तरी ती "शून्य" म्हणायची. साहेब शेजाऱ्यांना सांगत सुटले, हिला चांगलाच उतार पडलाय. ती गेल्यावर मुलीला उशीच्या अभ्र्याचा कोपरा चावून चावून चिंध्या झालेला सापडला. तो तिने न धुता बापासमोर टेबलावर ठेवला आणि भांडी घासायला निघून गेली.

तीच मुलगी आता रोज दुपारी येई. अंग पुसून देई, नखं कापी, चादर बदली. कामापुरतं बोले, त्याबाहेर चकार शब्द नाही. जायच्या आत हिने एकदा "जाऊ द्या, बाबा" म्हणावं, एवढ्यासाठी साहेबांचा जीव घुटमळत होता. त्यावर त्यांनी तोडगा काढला तोही आपल्या धंद्यातलाच. स्वतःच्या आकड्यातून दोन वजा करायला लागले. आपण भरपाई करतोय हे मुलीला दिसेल, अशी त्या शहाण्याची समजूत.

एका दुपारी दुखणं फारच चढलं. सिस्टरने विचारलं, तेव्हा साहेब मुलीकडे बघून, दोनाऐवजी सहा वजा करून म्हणाले, "तीन." कपाळावर घाम, मुठीत चादर.

"नऊ लिहा," मुलगी म्हणाली. "यांना कापायची सवय आहे."

सिस्टरने साहेबांकडे पाहिलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली, तशी ती घाईने औषध आणायला गेली.

"तुझ्या आईसाठी करत होतो," साहेब म्हणाले.

"तिचं दुखून झालंय, बाबा. तुम्ही आता दुखवून घेतलंत म्हणून तिचं कमी होत नाही." तिने त्यांची मूठ सोडवून चादर सारखी केली. तिचा हात हलका होता. परक्या माणसासाठीही तो तसाच असता.

साहेबांना धीर धरवेना. विचारायची दुसरी रीत त्यांना येत नव्हती.

"मला माफ केलंस? दहापैकी किती?"

तिने खरंच विचार केला. पाण्याचा पेला भरून त्यांच्या हाताशी ठेवला.

"शून्य," ती म्हणाली.

आईच्याच आवाजात म्हणाली. साहेब सवयीने हिशेबाला लागले, पण यातून वजा करायला काहीच नव्हतं.