सरळ केलेलं पातं

आमच्या स्केटिंग संघटनेच्या सचिवाने माझ्या मुलीला फसवलं. परदेशातल्या हिवाळी क्रीडा महोत्सवाला जाताना तिच्या प्रशिक्षक मॅडमची जागा त्याने स्वतःच्या साळ्याला दिली. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

नागपुरात बर्फावरच्या शर्यतीचं नाव काढलं की लोक हसतात. मुलगी चाकांच्या स्केट्सवर शिकली, उन्हाळ्यात डांबर पाघळायच्या आत, पहाटे. खरा बर्फ मिळायचा तो फक्त उत्तरेकडच्या शिबिरात. तिथे मॅडमनी तिला घडवलं. या शर्यतीत कायम डावीकडेच वळायचं असतं, म्हणून स्केटचं पोलादी पातं डावीकडे जरासं वाकवून घ्यावं लागतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी कामठीत जुने पॉवरलूम घेतो-विकतो, लोखंडातला बाक मला कळतो. तरी मॅडम पातं उजेडाकडे धरून बघायच्या तेव्हा मी गप्प राहायचो, आणि मी गप्प राहणारा माणूस नाही.

साळा जन्मात स्केट्सवर उभा राहिलेला नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याने ते पातं पाहिलं.

"हे तर टेढं आहे."

"सर, ते असंच ठेवा लागते," मुलगी म्हणाली.

"तू मले शिकवून राहिली का? तुह्या बापाने भंगारातून उचललं असन. इथं देशाची इज्जत आहे."

तिथल्या दुरुस्तीच्या खोलीत नेऊन त्याने ते सरळ करून घेतलं. कारागिराने खुणा करून पुन्हा पुन्हा विचारलं म्हणे, आणि हा मान डोलावत राहिला. मॅडमना फोन करू द्या म्हणून ती रडली. पण शिस्तीच्या नावाखाली याने सगळ्यांचे मोबाइल जमा करून ठेवले होते.

मी शर्यत दुकानात बसून पाहिली. पहिल्याच वळणावर पाय बाहेर सरकला आणि ती कडेच्या गादीवर जाऊन आदळली. उठली, शर्यत पुरी केली, शेवटची आली. सगळ्यांनी हेल्मेट काढली, तिने काढलं नाही.

विमानतळावर साळ्याच्या गळ्यात हार होता.

"अनुभव भेटला ना भाऊ," तो मला म्हणाला. "पोरगी बरफ पाहून आली."

"बरफ तर गोळेवाल्याकडेही आहे," मी म्हणालो. "तुमाले तिकडे काहून पाठवलं नाही?"

हार घालणारे हसले. मुलगी हसली नाही. पात्याचं सगळं तिने मला त्यानंतर गाडीत बसल्यावर सांगितलं. ऐकल्यावर मी गाडी परत विमानतळाकडे वळवत होतो, तिने माझा हात धरला.

मग सचिवाने बैठकीत सांगितलं की पोरीचा सराव कमी पडला, आणि पुढच्या शिबिरातून तिला वगळलं. शिबीर नाही तर निवड नाही. तिच्या वयाला हा महोत्सव आता एकदाच उरला आहे.

मी त्याच्या घरी गेलो. त्याने चहा मागवला.

"गरम काहून होता गा? तिले जिल्ह्याच्या टीमची कॅप्टन करून टाकतो. विषय संपवा."

"आणि शिबीर?"

"ते होत नाही. साळ्याचं नाव खराब होते."

माझा सगळा जन्म भाव करण्यात गेला. समोरचा एक पायरी उतरला की आपणही एक उतरायचं, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. त्या दिवशी मी उतरलो नाही. चहा तसाच ठेवून बाहेर आलो.

आता मला एवढंच हवं. संघटनेच्या सभेत सचिवाने सगळ्यांसमोर उभं राहावं. मॅडमना मागे कोणी ठेवलं, पातं कोणी सरळ केलं आणि शिक्षा माझ्या मुलीला का, याचं उत्तर द्यावं. माझ्याकडे पाहून नको. ती पहिल्या रांगेत बसलेली असेल, तिच्याकडे पाहून द्यावं.