दुसऱ्यांदा विचारायचं नाही

अर्धापूरजवळच्या आमच्या केळीच्या बागेत भर दुपारीही ऊन हिरवं असतं. मोठाल्या पानांतून गाळून खाली येतं आणि अंगावर, मातीवर, ठिबकच्या नळ्यांवर हलत राहतं. लहानपणी मला वाटायचं, आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी राहतो. आजही त्या बागेतली आठवण आली की आवाज आधी जातात आणि माणसं हळूहळू, पाण्यातून चालल्यासारखी येतात.

त्या दिवशी माझे वडील, अप्पा, असेच पुढे चालत होते. त्यांच्या मागे इराणहून आलेला पाहुणा होता. आमची केळी त्याच्या देशात जाणार होती, म्हणून तो घड बघायला आला होता. पन्नाशीचा, उंच, शांत माणूस. प्रत्येक घडाला तो दोन बोटांनी हात लावायचा आणि काहीतरी स्वतःशीच पुटपुटायचा. मी दोघांच्या मध्ये, इंग्रजीची मराठी आणि मराठीची इंग्रजी करत.

मला नुकतीच पुण्यात नोकरी लागली होती. परदेशी लोकांशी कसं वागावं याचं दोन दिवसांचं शिक्षणही कंपनीने दिलं होतं. त्या दोन दिवसांत मला सगळं जग कळलं होतं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी मी अप्पांना बजावून ठेवलं होतं की आपला आग्रह तिकडच्या लोकांना जाच वाटतो. एकदा नको म्हणाले की नको. दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

हे मी कुणाला सांगत होते? पाहुणा नको म्हणाला की ज्यांना 'अजून वाढा' असंच ऐकू यायचं, त्या माणसाला. जेवणाऱ्याने ताटावर हात आडवा धरला तर अप्पा बोटांच्या फटीतून तूप सोडायचे. तरी त्यांनी मान डोलावली.

आईने बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजी टाकून धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी मांडली. अप्पांनी धपाटं उचलून पाहुण्यापुढे धरलं. पाहुण्याने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाला, नको, तुम्ही उगाच त्रास घेतलात. अप्पांचा हात तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवली. त्यांनी धपाटं परत ताटात ठेवलं.

पाहुणा पाणी पिऊन गेला. मी खूश होते, सगळं कसं रीतसर झालं. अप्पा मात्र भूक नाही म्हणत उठले. आम्ही मायलेकीच जेवलो.

यंदा आमच्या ऑफिसात एक इराणी बाई आली. मी घरचे बेसनाचे लाडू तिच्यापुढे केले. तिने छातीवर हात ठेवला, मान झुकवली, नको म्हणाली. मी डबा मिटला तशी ती हसायलाच लागली. म्हणाली, आमच्याकडे पहिल्यांदा विचारल्यावर घेणारा हावरट. नाही म्हणायचंच असतं, आणि घरच्यांनी पुन्हा पुन्हा म्हणायचं असतं. एकदाच विचारलं तर आम्ही समजतो, यांच्या मनात द्यायचं नाही.

म्हणजे तो पाहुणा आमच्या दारातून उपाशी गेला होता. वर आम्ही कंजूष ठरलो असू, ते वेगळंच.

मी लगेच अप्पांना फोन करून सगळं सांगितलं.

"मला तवाच कळलं होतं," ते म्हणाले. "नजर ताटावरच होती त्याची. भुकेलं माणूस कळतं की."

"मग वाढलं का नाही?"

"तू सांगितलं होतंस. परक्या माणसापुढं लेकीचा शब्द कसा खाली पडू देऊ?"

मला स्वतःची लाज वाटली. साता समुद्रापलीकडच्या माणसांचं वागणं मी शिकून आले होते आणि ज्यांच्या घरात वाढले त्यांच्या रिकाम्या पोटाचा अर्थ इतकी वर्षं मला लागला नव्हता.

फोन ठेवण्याआधी मी दर वेळेसारखं विचारलं, या शनिवारी येऊ का. अप्पाही दर वेळेसारखं म्हणाले, नको, कशाला दगदग. इथेच मी 'बरं' म्हणायचे. कधीपासून म्हणत आले होते कोण जाणे.

मी पुन्हा विचारलं. नको म्हणाले, पण आवाज खाली आला होता. मी तिसऱ्यांदा विचारलं.

"ये की माय," अप्पा म्हणाले. "लई दिवस झाले."