उशाशी तेलाचा डाग

योगशिबिरातल्या मॅट धुणाऱ्या मावशींनी भाचीलाही तिथेच शिकायला घातलं होतं. पोरगी वेतासारखी वाकायची. शिकवणाऱ्या बाईंची मदतनीस तीच होणार, असं घरी सगळे धरून चालले होते.

बाईंनी भाचीसमोरच विचारलं, "मावशी, घेऊ ना हिला?"

मावशींनी भाचीची मॅट उलगडली. "हातापायांशी झिजलीय, पण उशाशी डोक्याच्या तेलाचा डाग नाही. म्हणजे शवासनाला आमच्या बाईसाहेब आडव्याच होत नाहीत."

"नुसतं पडून राहण्यात काय शिकायचंय गं?" भाची फणकारली.

"कुणी बघत नसताना गप्प राहायला."

भाची आठवडाभर मावशीशी बोलली नाही. पुढच्या धुण्यात मात्र तिच्या मॅटवर उशाशी बशीएवढा डाग होता. मावशींनी मॅट न धुताच खांद्यावर टाकली आणि ती दाखवायला बाईंकडे निघाल्या.