वरातीची घोडी आणि मुरुडची वाट

अन्याय झाला तो एका घोडीवर. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी, दुपारी साडेतीनला, लातूरच्या भर चौकात. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. कुठल्याशा क्लासचा पोरगा बोर्डात आला होता. त्याला फेटा बांधून, हार घालून घोडीवर बसवलं होतं आणि पुढं सहा हलग्या, दोन ताशे. घोडी मान वर ताणायची, पुढचे पाय हवेत मारायची, मागच्या पायांवर तोल सावरत गोल फिरायची. लोक म्हणत होते, बघा, जनावरालासुद्धा आनंद झालाय. दोन तास नाचवली तिला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हे आधीच लिहिते. नंतर लिहिलं तर लपवल्यासारखं होईल.

मी त्या वर्षी दुसऱ्यांदा बारावीला बसले होते आणि फिजिक्समध्ये दुसऱ्यांदा अडकले होते. क्लासच्या फ्लेक्सवर अडकलेल्यांचे फोटो लावत नाहीत. पिशवी उचलून घरी, कंधारला आले आणि संघटनेत पडले. संघटना म्हणजे आम्ही दहा-बारा जण आणि आमचे पुढारी, भाऊ. भाऊ आधी शाळामास्तर होते. पत्रक कसं लिहायचं ते त्यांनीच शिकवलं. ‘पहिल्या ओळीत अन्याय कुणावर अन् कधी. शेवटच्या ओळीत मागणी. मधल्या रडगाण्यावर शाई घालायची न्हाई.’

आमची मागणी साधी होती. सातवीच्या पुढचा वर्ग गावातच द्या. लातुरात एकेका गल्लीत डॉक्टर-इंजिनिअर करणारे इतके क्लास की पाट्या एकमेकींना झाकतात, आणि आमच्याकडं गावामागून गाव असं की सातवी झाली की पोरगी घरी. पुढची शाळा लांब, जायला गाडी नाही. ठरलं, कंधारहून लातूरपलीकडच्या मुरुडपर्यंत आडवाटेनं जायचं, गावोगाव पत्रक वाटायचं. जीप नको, असं भाऊ म्हणाले. जीप आली की मतं मागायला आले म्हणून लोक घरात जातात. घोडी आली की घरातले बाहेर येतात. घोषणासुद्धा मीच दिली: जिथं गाडी जात नाही, तिथं घोडी जाईल.

‘आणि घोडीवर कोण बसेल?’ भाऊंनी विचारलं.

‘मी बसते,’ मी म्हणाले. सायकलीशिवाय आयुष्यात कशावर बसले नव्हते. पण बैठकीत माझं तोंड माझ्या आधी उठतं.

लग्नसराई संपल्यावर भाऊंनी ओळखीच्या बँडवाल्याकडून घोडी आणली. बघितल्याबरोबर मी ओळखली, कपाळावरच्या वाकड्या पांढऱ्या ठिपक्यावरून. चौकातली घोडी. बँडवाल्यानं अट घातली होती. दसऱ्यानंतर ती ही सगळी वाट कुणाला न पाडता, न बिथरता चालली, तर संघटनेनं ठेवून घ्यावी. न्हाई चालली, तर तुळशीच्या लग्नाला परत. ‘माझं गिऱ्हाईक थांबलंय तिच्यासाठी,’ तो म्हणाला.

पहिल्या दिवशी मला दोघांनी उचलून वर बसवलं. घोडी फक्त एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती. तेवढ्यानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली. बुडाखालचं हललं की मला दुसरं काही कळत नाही. आठ वर्षांची होते तेव्हा आमचं आधीचं गाव, लातूरकडचं, भूकंपात गेलं. त्या दिवशी गणपती बुडवले होते. हलग्या ऐकत मी अंगणात बाजेवर झोपले आणि बाज हलली म्हणून जागी झाले. थोरली बहीण आत झोपली होती. सातवीत होती.

‘उतरवा मला,’ मी ओरडले. गल्ली जमली होतीच.

‘घोडी तर आली, नवरदेव कुठंय गं?’ समोरची काकू.

आई अंगणवाडीतून येत होती. तिनं पिशवी ओट्यावर ठेवली. ‘दोन पायांवर नीट चालता येईना हिला, चार पायांची हौस,’ एवढंच म्हणाली आणि आत गेली. जेवताना मात्र माझ्या ताटात भाकरी वाढताना हात थांबवून म्हणाली, ‘पडलीस तर हात आधी टेकू नको. मनगट जातं.’ म्हणजे तिनं ठरवलं होतं की मी पडणार.

किल्ल्याच्या वाटेवर एक म्हातारे नालबंद चाचा होते. घोड्याबैलांना नाल मारण्यात त्यांची हयात गेली होती. घोडीचे नाल बदलायला मी त्यांच्याकडं गेले. त्यांनी खूर तासले, चारी नाल बसवले, आणि मग नाल सोडून तोंडाकडं वळले. लगाम काढला. तो माझ्या तळहातावर ठेवला.

‘हात फिरवून बघ.’

लोखंडी कडीला आतल्या बाजूनं काटे होते. बाभळीच्या काट्याएवढे. काही झिजून बोथट झालेले, काही नव्यानं घासलेले. चाचांनी बोटं घालून घोडीचा जबडा उघडला. जिभेवर आडवी भेग होती, भरून आलेली, पुन्हा फाटलेली. ओठांचे कोपरे जुन्या चपलेच्या कातड्यासारखे.

‘ती नाचती कशी माहीत हाय का, बेटी? हलगी लागली की घोडीवाला लगाम खेचतो. काटा लागतो. काटा चुकवायला ही तोंड वर करती, तोंड वर केलं की पाय सुटतात. पब्लिक म्हणतं, नाची.’ त्यांनी जबडा सोडला. ‘अब तो खेचने की बी जरूरत नहीं. हलगी सुनी के डरी.’

मला चौकातल्या टाळ्या आठवल्या. माझे तळवे त्या दिवशी लाल झाले होते.

तो लगाम चाचांनी भंगाराच्या डब्यात टाकला आणि दोरीची मोरकी वळून दिली. तोंडात काहीच नाही, नाकावरून दोरी. काट्याचा लगाम असताना निदान ती थांबेल असा भरवसा होता. आता माझ्या हातात नुसती दोरी होती आणि दुसऱ्या टोकाला एवढं मोठं भेदरलेलं जनावर.

‘चाचा, ही थांबंल कशी?’

‘तू डरना छोड, वो थांबंल.’

‘आणि मी नाही सोडलं तर?’

‘तो फिर दोनो डरते डरते जाओ. जाना तो है.’

मग तयारी सुरू झाली. रोज सकाळी किल्ल्याच्या खंदकाला वळसा, आधी एक, मग दोन, मग पाच. खरारा करायचा, खुरात अडकलेले खडे काढायचे, पोटाखालचा पट्टा, तंग, दोनदा तपासायचा, कारण निघताना घोडी पोट फुगवून घेते आणि कोसभर गेलं की खोगीर फिरतं. हे मी खोगिरासकट बाजूला लटकून शिकले. कडबा वाटेत मिळेल, पण हरभऱ्याचा तोबरा बरोबर हवा. पाण्याची बादली हवी. सोडवल्याशिवाय न सुटणारी गाठ यायला हवी. या याद्या मी पत्रकांच्या पाठीवर लिहायची. याद्यांची भीती वाटत नसे. सकाळी खोगीर टाकताना वाटायची ती वाटायचीच.

पोळ्याच्या दिवशी ते झालं. बैलांची मिरवणूक शेजारच्या गल्लीत आहे असं समजून मी घोडीवरून वेशीकडं निघाले होते. मिरवणूक कोपऱ्यावरून समोर आली. हलगी कडाडली. घोडीच्या कातडीवरून एक थरथर गेली, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि ती माझ्या मांड्यांतून माझ्यात आली. तोंडात काटा नव्हता, तरी तिनं तोंड आभाळाकडं केलं. पुढचे पाय उठले. मी आयाळ धरली. डोळे मिटले. ओरडलेसुद्धा नाही, बाज हलली तेव्हासारखीच.

‘नाची! नाची!’ लोक ओरडत होते. कुणीतरी शिट्टी मारली. मी मिरवणुकीला शोभा आणली होती.

पडले नाही. उतरले आणि तिथंच धुळीत बसले. घोडी माझ्या डोक्यावर तोंड घालून उभी होती आणि तिच्या नाकपुड्यांतून माझ्या केसांत गरम वारा येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही माझ्यासारखीच आहे. ही समजूत काही कामाची नव्हती. दोन घाबरट एका जागी आले म्हणून धीर दुप्पट होत नाही.

गणपती बुडवायच्या दिवशी दुपारपासूनच गावात हलग्या सुरू झाल्या. मी दरवर्षी त्या दिवशी कानात कापूस घालून घरात बसायची. त्या वर्षी घोडीच्या कानात काय घालू? खोगीर टाकलं आणि आवाजाकडं पाठ करून निघाले. एक शिवार संपलं, तरी ऐकू येत होतं. मन्याड नदी ओलांडली, तरी बारीक येत होतं. कापसाच्या रानातून, बांधाबांधानं चाललो. थांबलो तेव्हा चार कोस झाले होते आणि फक्त वारा होता. तिनं मान खाली घातली आणि बांधावरचं गवत ओढलं. आमची पहिली लांबची रपेट अशी झाली, पळून. परत आल्यावर चाचांना सांगितलं तर म्हणाले, ‘भाग के गई ना? पर गई.’

मुरुडला जायची ताकद पायांत आली होती. राहिला होता तो आवाज. पण आडवाटेची गावं, म्हटलं, तिथं कोण हलगी लावणार?

दसऱ्याला आठ दिवस असताना नांदेडहून पत्रकांचे गठ्ठे आले. मी वरचं पत्रक उघडलं. अन्याय पहिल्या ओळीत होता. मागणी होती. आणि त्याखाली, सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरांत: ‘आमची घोडी आपल्या वेशीत येईल तेव्हा गावकऱ्यांनी हलगीच्या गजरात स्वागत करावे.’

मीच लिहिलं होतं. घोडी आली त्याच आठवड्यात, लगाम हातात घेण्याच्या आधी. लिहिताना छान वाटलं होतं.

धावत भाऊंकडं गेले. ‘वाटू नका.’

‘अर्धी नांदेडहून परस्पर गेली की वाटून. वाटेवरच्या सगळ्या गावांत पोचली.’

‘मग निरोप पाठवा, हलगी लावू नका म्हणून.’

‘अगं, हलगी न्हाई तर लोक काय तुझं तोंड बघायला येतेत का?’

‘भाऊ, ती बिथरली तर परत जाईल. पुन्हा काटे.’

भाऊंनी पत्रक हातात घेतलं. मग म्हणाले, ‘लिहिलं कुणी?’ मी गठ्ठे उचलले. राहिलेल्या गठ्ठ्यांतली शेवटची ओळ मी घरी बसून एकेका पत्रकावर पेनानं खोडली. आईही खोडू लागली. गेलेली मात्र गेलीच होती.

चाचांनी कुठून तरी जुनी हलगी पैदा केली. उपडी धरून तिच्यात मूठभर हरभरे टाकले आणि घोडीपुढं केली. पहिल्या दिवशी ती मागं सरली. तिसऱ्या दिवशी तिनं त्यातून खाल्लं. मग चाचा म्हणाले, ‘अब तू बजा. एक उंगली.’

‘मी?’

‘मग कोन, मैं? जाना किसकू है?’

बोट कातड्यावर ठेवलं. टेकवायला किती वेळ लागला सांगत नाही. टप्प. घोडीचे कान मागं गेले. मग ती पुन्हा खाऊ लागली. निघायच्या दिवसापर्यंत आम्ही दोघी बोटावरून तळहातावर आलो होतो. काठीवर नाही. काठी घेतली की दोघीही मागं सरायचो.

निघालो. मी घोडीवर, मागं भाऊ त्यांच्या लुनावर. पहिल्या गावाची वेस लांबून दिसली आणि वेशीजवळ धूर दिसला. हलगी वाजवायच्या आधी पाचोळा पेटवून तिचं कातडं शेकतात, ताणायला. घोडीला माझ्या आधी कळलं. त्या धुराचा वास तिच्या ओळखीचा होता. पुन्हा ती थरथर, मानेपासून.

मी उतरले. दोरी भाऊंच्या हातात दिली. ‘मला न्हाई येत गं जनावर धरायला,’ ते म्हणाले. ‘मलाही येत नव्हतं,’ मी म्हणाले आणि एकटी वेशीकडं चालत गेले.

‘या, या बाई,’ हलगी शेकणारा म्हातारा म्हणाला. ‘पत्रक मिळालं. तयारी हाय.’

‘वाजवू नका, बाबा.’

एका पोरानं खिशातलं पत्रक काढून दाखवलं. ‘हितं तर लिवलंय की!’

‘ते मीच लिहिलंय. चुकलंय.’

‘मंग स्वागत कशानं करावं? शिट्टीनं?’ हशा पिकला.

मी म्हाताऱ्याला म्हणाले, चला, एक गोष्ट बघा. तो आला. चाचांनी शिकवलं होतं तसं मी कोपऱ्यातून बोट घालून घोडीचा जबडा उघडला. म्हाताऱ्यानं वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हातातली हलगी पाठीमागं नेली, जणू ती घोडीला दिसू नये.

‘माझ्या हलगीवर किती घोड्या नाचल्या,’ तो म्हणाला. ‘मी समजत व्हतो, दाद देत्यात.’

त्या गावात हलगी वाजली नाही. पुढच्या गावांत दोनदा वाजली, आम्ही पोचायच्या आत. एकदा तिनं मला पाडलं आणि मी हात आधी टेकला. मनगट अजून थंडीत दुखतं. त्यानंतर अर्ध्याहून जास्त वाट मी पायी चालले, दोरी हातात धरून, वेस आली की पुढं जाऊन पाया पडत. मुरुडला पोचलो. ‘बिथरली की,’ घोडी न्यायला आलेला बँडवाला म्हणाला. ‘पोचली की,’ भाऊ म्हणाले, आणि त्यांनी ती सोडली नाही. आता ती चाचांच्या दुकानामागं असते. तरी तुळशीचं लग्न जवळ आलं आणि दुरून ताशा ऐकू आला की मी काम टाकून तिला बघायला जाते. ती उभी असते, तोंड वर करून.

तिच्यासारख्या कितीतरी घोड्या तुमच्या गावात या हंगामात नाचतील. तुमच्या घरी लग्न असेल, निकालाची मिरवणूक असेल, तर घोडी ठरवायला स्वतः जा. हलगी शेकायच्या आधी तिचा लगाम उतरवा. स्वतःच्या हातानं जबडा उघडा आणि जीभ बघा. काटा दिसला, तर नवरदेवाला पायी चालवा.