तापापेक्षा लाज मोठी

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी भाईंदर पूर्वेला राहायचे आणि एका संस्थेची आरोग्यसेविका म्हणून काशीमिऱ्याच्या डोंगरातल्या आदिवासी पाड्यावर जायचे. पाणी झाका, डबकी बुजवा, ताप आला की गोळ्या पूर्ण घ्या, हे माझं ठरलेलं भाषण.

पावसाळा संपत आला होता. गवत कापायला जाणारी एक बाई तापाने फणफणली होती. मी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, पण आठवडा झाला तरी ताप हटेना. मी तिच्यावरच चिडले.

"गोळ्या फेकून दिल्यास ना?"

तिची सासू म्हणाली, "माझ्यासमोर गिळल्या तिनं. आता भगताला बोलवू दे."

नवव्या दिवशी ती बरळायला लागली, श्वास चढला. "आधी डॉक्टर," मी म्हणाले, "नाही उतरला तर मीच भगताला घेऊन येते." असं वचन मी कधीच कुणाला दिलं नव्हतं.

नवऱ्याने आणि दिराने तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. रिक्षाने भाईंदरच्या एका छोट्या रुग्णालयात पोचलो. तिथले डॉक्टर पूर्वी लष्करात होते. रक्तात मलेरिया निघाला नाही.

"अंगावर काळी खपली आहे का? विडीचा चटका बसल्यासारखी?"

"नाही," मी ठामपणे म्हणाले.

"बघितलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग बघ."

पडद्याआड मी तिच्या निरीला हात घातला. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "नको, बाई." मी गाठ सोडली. ओटीपोटाच्या खाली, जांघेत, मसुराएवढी काळी खपली होती, भोवती लाल कडं.

"दुखत न्हाय," ती पुटपुटली. "तिथलं कसं दाखवू?"

डॉक्टर म्हणाले, "स्क्रब टायफस. लष्करात असताना पाहिलाय. गवतातला बारीक किडा चावतो, डोळ्याला दिसतही नाही. उशीर झालाय, बघू."

औषध सुरू झालं. दोन दिवस नवरा दारात बसून होता. आठवडाभर मी तिच्या घरी जात होते, तिला खोटी ठरवत होते, आणि तिचं अंग एकदाही बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि तिने पेज मागितली. मी बाहेर जाऊन रडले.

महिन्याने पाड्यावर बायकांना जमवलं. झुडपात आडवं होऊ नका, कपडे गवतावर वाळत घालू नका, रानातून आल्यावर अंग घासून आंघोळ करा. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेवढ्यात तीच उठली.

"हसू नका. मला जांघेत चावला व्हता. लाजंपायी मरत व्हते मी. ताप आला का आधी आपलं आंग बघा, आन् हिला दाखवा."

हसणं थांबलं. मग एकेक जण विचारायला लागली, मुलांना कुठे चावतो, म्हातारीला कुठे बघायचं.

दिवाळीनंतर एक आई सकाळीच मुलीला घेऊन डोंगर उतरून माझ्याकडे आली. ताप कालच आला होता. मुलीचे केस बाजूला करून ती म्हणाली, "कानामागं काय हाय बघा, बाई."