घंटी वाजली नाही, म्हणजे वीज आहे

मित्रहो, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेल्या माणसाच्या हातून जे होऊ नये, ते माझ्या हातून झाले आहे. सांगतो, पण चहा सांडेल इतके हसू नका.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी मंगरूळपीरच्या एका वसतिगृहाचा तात्पुरता अधीक्षक होतो. नोकरी कायम व्हावी म्हणून मी एक अद्भुत योजना उभारली: विहिरीवरचा पंप आणि छतावरची टाकी यांच्यावर पाळत ठेवणारी विजेची घंटी! एकदा वाजली, टाकी भरली; पंप बंद करा. दोनदा वाजली, टाकी रिकामी. पंप सुरू करा. तीनदा वाजली, वीज गेली. पंपाचा खटका पाडा आणि बादलीने पाणी ओढा. गप्प असेल तर सर्व ठीक. कशालाही हात लावू नये.

पंप सांभाळणाऱ्या रहीमचाचांकडून हे मी चक्क पाठ करून घेतले होते.

संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब केनवडहून एस.टी.ने आले, ते धुळीने माखूनच.

"मास्तर, आंघोय करून घेतो, मंग तुमची घंटी पाह्यतो. जमली तं तुमाले कायम करून टाकू!"

ते न्हाणीघरात शिरले आणि घंटी दोनदा वाजली. काय तो क्षण! चाचांनी पंप सुरू केला. मी मनातल्या मनात कायम झालो.

थोड्याच वेळात चाचा आले.

"सर, मोटर बंद पडली."

"घंटी वाजली का?"

"नाई."

"मग वीज आहे. मोटरच बिघडली असणार."

मी मोटर उघडली, तपासली, पुन्हा बसवली. दोष सापडेना. कचेरीतला पंखाही थांबला होता. त्याची कॉइल जळाली असावी. समोरची पिठाची चक्की गप्प होती. तिचा पट्टा तुटला असावा. एकाच वेळी तीन यंत्रे बिघडावीत, हा योगायोग मला विलक्षण वाटला. अशक्य नाही वाटला!

"बादलीनं ओढू का, सर?"

"मुळीच नाही! तीनदा वाजली का?"

तेवढ्यात न्हाणीघरातून गर्जना झाली.

"मास्तर! नय काहून बंद केला? डोयात साबन गेली न बाप्पा!"

"साहेब, नियमानुसार पाणी येत आहे. घंटी वाजलेली नाही!"

"नियम आंगावर ओतू का मी? अन् थे घंटी चालते कायच्यावर?"

"विजेवर, साहेब!" मी अभिमानाने म्हणालो.

उत्तर तोंडातून बाहेर पडले आणि मग ते मलाच ऐकू आले.

इतक्यात वीज आली. पंखा फिरला, मोटर गुरगुरली, नळाने एक उचकी दिली. आणि घंटीने आपले खोळंबलेले काम तातडीने उरकले: तीनदा वाजली! चाचांनी धावत जाऊन पंपाचा खटका पाडला.

"सर, आत्ता गेली लाइट!"

न्हाणीघराच्या दारातून फेसाने माखलेला एक चेहरा डोकावला. काही तरी बोलणे भाग होते. मी म्हणालो, "पाहा साहेब, घंटी अगदी उत्तम चालते!"

महिनाअखेरीस संस्थेने घंटी कायम केली, मुलांना जेवायला बोलावण्यासाठी. कायम होण्याचा अर्ज मात्र माझा होता.